आत्मविश्वासाची घडण
(‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाच्या निमित्ताने)



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झाली आणि पुढे ती गावोगाव पसरली. या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, धर्म, शेती, वाङ्मय या विषयांना मानाचे पान मिळत आले आहे. सिनेमा मात्र बहुधा दाराबाहेरच उभा राहिला. तो करमणुकीचा विषय, तो व्याख्यानाचा कसा होईल, अशी आपली समजूत. पण आपल्या मुलांशी आज कीर्तनकारापेक्षा आणि पुष्कळदा मास्तरांपेक्षाही अधिक वेळ सिनेमाच बोलतो. तो त्यांना काय सांगतो आणि त्यातले घ्यावे काय, सोडावे काय, याचा विचार वडीलधाऱ्यांनी चार माणसांत बसून केला पाहिजे. म्हणून आजच्या विषयाला आम्ही एक चित्रपटच आधाराला घेतला आहे. त्याचे नाव ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. परेश मोकाशी यांनी तो दिग्दर्शित केला आणि २००९ साली भारताच्या वतीने तो ऑस्करच्या स्पर्धेकडे पाठविण्यात आला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट कसा तयार केला, त्याची ही हसतखेळत सांगितलेली हकीकत आहे.

आपला आजचा प्रश्न आत्मविश्वासाचा आहे. हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. परीक्षेच्या क्लासच्या फलकावर तो असतो, बसस्थानकावरच्या जाहिरातीत असतो, सत्काराच्या प्रत्येक भाषणात असतो. ‘स्वतःवर विश्वास ठेवा, म्हणजे काहीही अशक्य नाही’ असे मुलांना सांगितले की आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. मुलगा बिचारा विचारतो, ‘ठेवतो विश्वास, पण तो आणायचा कोठून?’ त्याला उत्तर मिळत नाही. कारण आत्मविश्वास ही एखाद्याने दुसऱ्याला हातावर काढून द्यावी अशी वस्तू नव्हे. ती घडावी लागते. कुंभाराच्या चाकावर मडके घडते, लोहाराच्या ऐरणीवर विळा घडतो, तसा हा माणसाच्या कामात घडतो. तो कसा घडतो हे पाहायला फाळक्यांची ही गोष्ट फार उपयोगी आहे.

आधी माणूस पाहू. १९११ सालच्या एप्रिल महिन्यात गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलताचालताना पाहून त्यांच्या मनात आले की आपला राम, आपला कृष्ण असाच पडद्यावर का दिसू नये? या वेळी त्यांचे वय काय होते? ऐन चाळिशी उलटलेली. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. पदरी बायकापोरे. छापखान्याच्या धंद्यात भागीदाराशी मतभेद होऊन ते बाहेर पडलेले. ज्या वयात चारचौघे ‘आता स्थिरस्थावर व्हा’ असा उपदेश करतात, त्या वयात हा गृहस्थ म्हणतो की मी हलती चित्रे काढणार. आणि तीही अशा देशात, की जिथे ही कला शिकवणारा एक गुरू नाही, यंत्र विकणारे दुकान नाही, आणि या धंद्याला भांडवल देणारा सावकार नाही!

हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, केवढा हा आत्मविश्वास! नुसत्या इच्छेच्या बळावर माणूस निघाला! पण थांबा. इथेच आपली पहिली चूक होते. फाळके नुसत्या इच्छेच्या बळावर निघाले नव्हते. त्यांची शिदोरी पाहा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकले. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी अनेक कलाकौशल्ये आत्मसात केली. गोध्र्याला फोटोग्राफीचे दुकान थाटले. पुराणवस्तुखात्यात नकाशे आणि आराखडे काढण्याची नोकरी केली. छपाई आणि ठसे तयार करण्याचे तंत्र हातात बसवले. जादूचे प्रयोग शिकून आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते लोकांना दाखवले. हे सारे धंदे त्यांनी एकामागून एक केले आणि सोडले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीने हा धरसोडीचा माणूस. पण चित्रपट म्हणजे तरी काय? चित्रकाराची नजर, फोटोग्राफरची काच, रसायनांची ओळख, यंत्राचा हात आणि जादूगाराची युक्ती. वीस-पंचवीस वर्षे हा माणूस नकळत या एकाच कामाची तयारी करीत होता. एप्रिल १९११ मध्ये त्यांना जो धीर आला तो त्या एका संध्याकाळचा नव्हता. त्या वीस-पंचवीस वर्षांचा होता.

म्हणून पहिला धडा असा की, आत्मविश्वास ही साठवण आहे. ज्याने काहीच साठवलेले नाही त्याला तो उसना मिळत नाही. आणि ज्याने अपयशातूनही काही हातात राखले, त्याची एकही खटपट वाया जात नाही. गोध्र्याच्या काळात प्लेगने फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले, दुकान गेले. पण काचेतून पाहण्याची विद्या गेली नाही. आपल्याकडे एखाद्या मुलाने दोन वर्षे स्पर्धापरीक्षेचा अभ्यास केला आणि यादीत नाव लागले नाही, की तो आणि त्याचे घर दोन्ही म्हणतात, ‘दोन वर्षे फुकट गेली.’ आम्ही त्यांना विचारतो, त्या दोन वर्षांत कायदा वाचला, हिशेब पक्का झाला, अर्ज लिहिण्याची सवय लागली, पहाटे उठण्याचे वळण लागले, हे कोठे गेले? यादी गेली, शिदोरी आहे. ती सोडून बघण्याचे तेवढे मनावर घेतले पाहिजे.

आता दुसरी गोष्ट. फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी विलायतेला निघाले. पैसा कोठला? आपल्या विम्याच्या पॉलिशा त्यांनी गहाण टाकल्या होत्या. लंडनमध्ये त्यांनी ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना गाठले. त्यांच्या ओळखीने हेपवर्थ यांच्या कारखान्यात चित्रपट कसा तयार होतो हे डोळ्यांनी पाहिले. विल्यमसन कॅमेरा आणि इतर सामान विकत घेतले आणि थोड्याच आठवड्यांत ते परतले. आता या माणसाने एकदम हरिश्चंद्र राजा उभा केला का? नाही. त्यांनी काय केले, तर एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि दिवसांमागून दिवस थोडी थोडी छायाचित्रे घेत महिनाभर ते त्या रोपापुढे बसले. मग ती चित्रे एकापुढे एक चालवली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बी फुटले, कोंब वर आला, वेल वाढला. हे पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की, त्यामुळे खुद्द फाळक्यांचा विश्वास बसला. यंत्र चालते, रसायन धरते, हात शिकला आहे, याची खूण त्यांना पटली.

या सभेत शेतकरी मंडळी बहुसंख्य आहेत, त्यांना हा धडा फोड करून सांगण्याचे कारण नाही. पेरणीपूर्वी शहाणा शेतकरी काय करतो? शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आणि किती उगवले ते पाहतो. मगच सगळ्या रानात बियाणे घालतो. ‘माझा बियाण्यावर विश्वास आहे’ असे म्हणून कोणी न तपासता पेरत नाही. मग स्वतःच्या बाबतीतच आपण ही रीत का सोडतो? मुलगा म्हणतो, ‘मी मोठा धंदा करणार.’ उत्तम! पण आधी कुंडीतला वाटाणा कोठे आहे? दहा गिऱ्हाइके करून पाहा. एक हंगाम करून पाहा. सभेत बोलण्याची भीती वाटते ना? घरच्या पाच माणसांपुढे उभा राहून बोल. आत्मविश्वास मोठ्या उडीने येत नाही, तो लहान खुणांनी येतो. प्रत्येक खूण पुढच्या पावलापुरता उजेड देते. आणि चालणाऱ्याला तेवढा पुरतो.

तिसरी गोष्ट लोकलज्जेची. खेड्यातल्या आणि लहान गावातल्या माणसाचा आत्मविश्वास कशाने मरत असेल, तर तो दारिद्र्याने जितका मरत नाही तितका ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांनी मरतो. फाळक्यांना तारामतीचे काम करायला बाई मिळेना. वर्तमानपत्रात जाहिराती देऊन झाल्या. ज्या स्त्रियांना समाजाने आधीच बहिष्कृत केले होते त्यांच्या दारीही ते गेले, आणि त्यांनीसुद्धा नकार दिला. सिनेमात काम करणे हे त्या वेळी इतके हलके मानले जाई! अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा साळुंके नावाचा तरुण त्यांच्या नजरेस पडला आणि तो तारामती झाला. स्त्रीपार्टी पुरुषांना मिशा काढायला सांगितल्या तर ते अडून बसतात, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची कशी! मोकाशींच्या चित्रपटातले हे प्रसंग पाहताना थिएटर हसून लोटपोट होते. आणि चित्रपटाचे नावही अशाच युक्तीतून आलेले आहे. लोकांनी विचारले तर सिनेमात काम करतो असे न सांगता, ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असे सांगा, असे फाळके मंडळींना शिकवतात.

यात शिकण्यासारखे काय आहे? फाळके समाजाशी भांडले नाहीत. त्यांनी कोणाला शिव्याशाप दिले नाहीत, आणि आपले कामही थांबवले नाही. ते हसले, त्यांनी वाट काढली आणि ते पुढे गेले. आत्मविश्वासाची ओळख पटवायची असेल तर आम्ही ही कसोटी सांगू: ज्याला स्वतःवर हसता येते त्याचा आत्मविश्वास खरा. ज्याला प्रत्येक टीकेवर हमरीतुमरीवर यावे लागते, त्याच्या आत कोठेतरी पोकळी असते. आणि काम खरे असले की समाजही आपला हेका सोडतो. त्याच १९१३ सालच्या फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघींनी भूमिका केल्या. ज्या कामाला वर्षापूर्वी एकही बाई मिळत नव्हती, त्या कामात माय-लेकी एकदम उतरल्या!

लोकलज्जेचा विषय निघाला म्हणजे जुन्नर तालुक्यात उभे राहून विठाबाई नारायणगावकरांचे नाव न घेणे हा कृतघ्नपणा होईल. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की तमाशाच्या सुपाऱ्या इथे ठरतात. विठाबाईंचा जन्म १९३५ चा, भाऊ-बापू नारायणगावकरांच्या फडातला. ज्या कलेकडे प्रतिष्ठित समाज रात्री डोळे भरून पाहत होता आणि सकाळी नाक मुरडत होता, त्या कलेत, ज्या जातीला गावकुसाबाहेर ठेवले होते त्या जातीत, ही स्त्री जन्मली. दिवस भरलेले असताना त्या फडात नाचल्या, मध्येच पडद्याआड बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. आज तमाशा क्षेत्रातला राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. परंतु २००२ साली त्या गेल्या त्यापूर्वीचे त्यांचे दिवस ओढगस्तीचे होते, हेही आपण विसरता कामा नये. तिने स्वतःवर विश्वास ठेवला यात शंका नाही. आपण तिच्याशी कसे वागलो, हा प्रश्न तिच्या आत्मविश्वासाचा नाही. आपल्या विवेकाचा आहे.

आता आम्ही चौथ्या आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे सरस्वतीबाई फाळके. थोर पुरुषांच्या चरित्रात पत्नीला बहुधा एक ओळ मिळते: ‘त्यांना पत्नीची साथ लाभली.’ ही साथ म्हणजे काय होते ते पाहा. विम्याच्या पॉलिशा गेल्या. घरातले सामान गेले. मग या बाईचे दागिने गेले. दादरच्या त्यांच्या घरातच स्टुडिओ उभा राहिला. तिथे जमलेल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक ती करी. उन्हात पांढरी चादर धरून पात्रांच्या तोंडावर उजेड पाडी. आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम करी. सहा-सात महिने हे चालले. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ हा एका माणसाच्या आत्मविश्वासाचा चित्रपट नव्हे. तो एका संसाराने मिळून केलेला चित्रपट आहे.

इथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. फाळके यशस्वी झाले म्हणून त्या दागिन्यांचे कौतुक. चित्रपट पडला असता तर? मग आपणच म्हणालो असतो, ‘कसला हा आत्मविश्वास, बायकोच्या अंगावरचे सोने विकून खाल्ले!’ जमीन गहाण टाकून मुलाने धंदा काढावा आणि तो बुडावा, मग बापाने झाडाखाली बसून डोके धरावे, हे चित्र आपल्या भागाला अपरिचित नाही. तेव्हा दुसऱ्याच्या जिवावर ठेवलेला स्वतःवरचा विश्वास आणि खरा आत्मविश्वास यांत फरक कोणता?

आम्हांला दोन खुणा दिसतात. पहिली ही की, सरस्वतीबाईंपासून काही लपवलेले नव्हते. काय चालले आहे, धोका किती आहे, हे त्यांना ठाऊक होते. कारण त्या स्वतः त्या कामात कोपरापर्यंत बुडालेल्या होत्या. ज्याचे धन लावायचे त्याला पूर्ण सांगायचे, आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक ठेवायची. दुसरी खूण ही की, वाटाण्याचा कोंब आधी आला, दागिने मागून गेले. आधी पुरावा, मग पैज. घरच्यांनी मुलाला नुसते ‘जा बाबा, कर’ म्हणू नये, आणि नुसते ‘नको रे बाबा’ असेही म्हणू नये. त्यांनी विचारावे, ‘वाटाणा उगवला का?’ उगवला असेल तर मागे उभे राहावे. आणि जी सून, जी मुलगी, जी आई हे ओझे उचलते, तिचे नाव कामावर पडावे. आपल्या गोठ्यातले दूध, आपल्या मळ्यातली खुडणी, आपल्या दुकानाचा हिशेब कोणाच्या हातावर चालतो हे आपण सगळे जाणतो. मग सातबाऱ्यावर आणि सत्काराच्या पत्रिकेवर तिचे नाव का नसावे?

२१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांसाठी खुला झाला. सुमारे ३७०० फूट लांबीचा हा मुका चित्रपट. आपल्या देशातल्या कथाचित्रपटांचा पाया तिथे घातला गेला. मोकाशींचा चित्रपट या उमेदीच्या काळापाशी थांबतो. तसे थांबणे हा कलावंताचा हक्कच आहे. परंतु व्याख्यात्याला तिथे थांबता येत नाही. पुढचेही आयुष्य पाहिले पाहिजे.

फाळके नाशिकला गेले. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ असे एकाहून एक गाजलेले चित्रपट त्यांनी केले. ‘लंकादहन’मध्ये साळुंके रामही झाले आणि सीताही झाले. ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पण भागीदारांशी पटले नाही. फाळके कंपनी सोडून काशीस जाऊन राहिले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, पुन्हा परत आले. तोवर काळ बदलला. बोलपट आला. ज्या माणसाने मुक्या चित्रांना जन्म दिला त्याच्या हातून बोलक्या चित्रांचा जमाना निसटला. १९३७ साली कोल्हापूरला त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. त्या वेळी ते सदुसष्ट वर्षांचे होते. तो त्यांचा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले, तेव्हा त्यांच्या हाती ना कंपनी होती ना संपत्ती. त्यांच्या नावाचा सर्वोच्च राष्ट्रीय चित्रपटपुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. दादासाहेबांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.

मग या अखेरीमुळे त्यांचा आत्मविश्वास खोटा ठरतो का? मुळीच नाही. उलट इथेच तो नीट समजतो. आत्मविश्वास म्हणजे यशाची हमी नव्हे. ‘मी जिंकेनच’ असे म्हणणे हा ज्योतिषाचा भाग झाला. ‘हे काम करण्याजोगे आहे, आणि ते करण्याची तयारी मी केली आहे’ एवढेच आत्मविश्वास म्हणतो. सदुसष्टाव्या वर्षी नव्या तंत्राचा बोलपट करायला उभा राहणारा म्हातारा आम्हांला ३ मे १९१३ च्या विजयी फाळक्यांपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. मुलांना नुसत्या विजयाच्या गोष्टी सांगितल्या तर पहिल्या पराभवाला ती कोसळतात. पूर्ण गोष्ट सांगा. ती अधिक टिकाऊ असते.

आणि आता एक इशारा. स्वतःवर विश्वास असला म्हणजे सगळे होते, असे सांगणाऱ्याने आपल्या आंबेगाव तालुक्याकडे नीट पाहावे. ज्या आंबेगावाच्या नावाने हा तालुका ओळखला जातो ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. नाव राहिले, गाव गेले. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. त्या माणसांत आत्मविश्वास कमी होता काय? पश्चिम पट्ट्यातला आदिवासी बांधव हिरडा गोळा करतो, डोंगरउतारावर भात लावतो. त्याच्या कष्टांत कोठे उणेपणा आहे? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला २०२३ च्या पावसाळ्यात सोन्याचा भाव आला. इतर वेळी तोच टोमॅटो मातीमोल जातो. पिकवणारे हात तेच असतात. तेव्हा ज्याच्यावर आघात झाला त्याला ‘तुझ्यात आत्मविश्वास नाही’ असे म्हणणे हा क्रूरपणा आहे. जिथे रस्ता हवा तिथे रस्ता द्या, भाव हवा तिथे भाव द्या, पुनर्वसन हवे तिथे ते वेळेवर करा. आत्मविश्वासाची भाषणे त्यानंतर. माळीणच्या वाचलेल्या माणसांनी आमडे येथे नवे गाव वसवून पुन्हा चुली पेटवल्या. त्यांना आत्मविश्वास शिकवायला जाणारे आपण कोण? त्यांच्याकडून तो शिकायला जावे.

मग आपल्या भागाला साजेसा आत्मविश्वास कसा असतो? त्याचे एक उदाहरण नारायणगावजवळ खोडदला उभे आहे. तिथली प्रचंड रेडिओ दुर्बीण आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मध्यभागी दाटीने, आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांनी ही दुर्बीण उभी केली. श्रीमंत देशांत अशा तबकड्या जाड पत्र्याच्या आणि भारी पोलादाच्या असत. तेवढा पैसा आपल्यापाशी नव्हता. मग त्यांनी काय केले? ‘आम्हांला जमणार नाही’ असे म्हटले नाही, आणि ‘आम्हीही तसेच करणार’ असा हट्टही धरला नाही. आपल्याला लांब लहरी पकडायच्या आहेत, त्यांना गुळगुळीत पत्रा लागत नाही. तारांची जाळी पुरे, हे त्यांनी ओळखले. बारीक तारांची जाळी दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसवली. तबकडी हलकी झाली, वारा जाळीतून निघून जाऊ लागला, आणि खर्च आवाक्यात आला. ज्याला आपल्या गरिबीची लाज वाटते तो नक्कल करतो. ज्याला आपली परिस्थिती आणि आपले काम दोन्ही नीट ठाऊक असतात, तो नवी वाट शोधतो. फाळक्यांच्या कुंडीतला वाटाणा आणि खोडदची ती जाळी यांचे गोत्र एकच आहे.

आणि हे गोत्र या मातीला नवे नाही. जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. ती कोणी कोरवली? राजांची नावे आपण घेतो, पण तिथल्या शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे, आणि नाणेघाटाच्या वाटेवरच्या व्यापारामुळे इथे आलेले यवनही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावातल्या बाजारकरी माणसांना असे वाटले की आपण मिळून कातळात काहीतरी कोरू शकू. त्यांच्या हातांत सुरुंग नव्हता, छिन्नी होती. एका घावाने कपची उडते. डोंगर काही हलत नाही. पण कपची उडते हे दिसते, म्हणून दुसरा घाव घालण्याची हिंमत येते. आत्मविश्वासाची घडण ती हीच.

तेव्हा समारोपादाखल आम्ही चारच गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. मुलाला ‘विश्वास ठेव’ असे सांगण्याआधी त्याच्या हाताला एखादी विद्या द्या. साठवण असेल तरच धीर येतो. मोठे काम काढण्यापूर्वी कुंडीतला वाटाणा उगवून दाखवा आणि दाखवायला लावा. घरचे धन लावताना घरच्या प्रत्येकाला विचारा, आणि यश आले की त्यांचे नाव आधी घ्या. आणि जो पडला त्याला हिणवू नका. तो पुन्हा उठेल तेव्हा त्याला शिदोरीची गरज असते, उपदेशाची नसते.

जुन्नरला, आंबेगावला, घोडेगावला, मंचरला, ओतूरला आज कितीतरी घरांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, की जिला काही करायचे आहे आणि जिच्या बोलण्यावर घरचे हसतात. हसू द्या, फाळक्यांवरही लोक हसले. आपण फक्त एक करा. आज घरी गेल्यावर तिला विचारा, ‘तुझ्या कुंडीत काय पेरलेस, दाखव बरे.’ ती दाखवील. आणि मग तिच्याशेजारी थोडा वेळ बसून तो कोंब पाहा. तेवढ्याने या व्याख्यानाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.